लॉ सीईटी यंदा द्यायची की पुढच्या वर्षावर टाकायची?

प्रश्न थोडक्यात असा: वय २७, बी.कॉम. पूर्ण, घर बदलापूरला, नोकरी अंधेरीत एका विमा कंपनीत. तीन वर्षांच्या एलएलबीसाठी सीईटीचा, म्हणजे राज्याच्या सामायिक प्रवेश परीक्षेचा, फॉर्म भरलाय. परीक्षेला जेमतेम पाच आठवडे उरलेत आणि मॉक टेस्टमध्ये १२० पैकी ६८ ते ७४ यांच्यापुढे आकडा सरकत नाही. दर पेपरात पंधरा-वीस प्रश्न सुटून जातात. कॉलेज हवंय ते एकच, चर्चगेटचं गव्हर्न्मेंट लॉ कॉलेज (जीएलसी). वर मार्चअखेरचं काम. आई म्हणते, यंदा राहू दे, पुढच्या वर्षी नीट अभ्यास करून दे. पुढे जेएमएफसीची, म्हणजे कनिष्ठ न्यायाधीशपदाची, परीक्षा द्यायचा विचार आहे. आणि शेवटी एक जोडप्रश्न: ऑफिसात साहेबांना आत्ताच सांगू का?

मी वकिली करते आणि ठाण्यात संध्याकाळी सीईटीची बॅच घेते. फेब्रुवारी उजाडला की निम्मी बॅच हेच विचारायला लागते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

परीक्षा द्या. टाकायचाच असेल तर प्रवेशाचा निर्णय पुढच्या वर्षावर टाका, आणि तोही निकाल हातात आल्यावर. तुमच्या प्रश्नात या दोन गोष्टींची सरमिसळ झाली आहे. सीईटीला बसलं म्हणजे कॉलेजात जावंच लागतं असं नाही. आणि सीईटीला बसलंच नाही, तर जूनमध्ये मन बदललं तरी त्या वर्षापुरता रस्ता बंद. गुण त्या वर्षीच्या प्रवेशापुरतेच चालतात, पुढच्या वर्षी नवी परीक्षा, नवा निकाल. यंदा कमी पडले तर ते पुढच्या वर्षी कुणी काढून बघत नाही. किती वेळा बसावं यावर बंधन नाही, वयाची अट नाही, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. फॉर्मची फी तर गेलीच आहे, ती काही परत मिळायची नाही. मग न बसण्यातून नेमकं काय वाचतं, ते मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

“तयारी नसेल तर अजिबात बसू नका” हा सल्ला येतो कुठून, तेही सांगते. बराचसा येतो अमेरिकेच्या व्हिडिओंतून. तिथल्या लॉ स्कूलसाठी जी एलसॅट असते तिचा हिशेबच निराळा. ती वर्षातून अनेकदा होते, ठरावीक मुदतीत तारीख बदलून घेता येते, चालू पाच वर्षांत पाचदा आणि सगळ्या आयुष्यात सातदाच देता येते, आणि रद्द न केलेले गुण कॉलेजांपुढे जातात. तिथे दोन महिने थांबून नीट देणं शहाणपणाचं. आपली सीईटी वर्षातून एकदा. इथे “पुढे ढकलणं” म्हणजे सरळ एक वर्ष, आणि त्या सल्ल्यातलं हे एक वर्ष कुणी मोजून सांगत नाही.

आता गुणांचं बघू. पंधरा-वीस प्रश्न सुटतात असं तुम्ही लिहिलंय, हे वाचून मला खरं तर बरं वाटलं, कारण हा सगळ्यात स्वस्तात दुरुस्त होणारा दोष आहे. गुण कापायचे नसतील तर एकही प्रश्न कोरा ठेवायचं कारण नाही. चार पर्यायांत डोळे मिटून खूण केली तरी वीसात पाच बरोबर येण्याची शक्यता असते, आणि एखादा पर्याय नक्की चूक आहे एवढं कळत असेल तर त्याहून जास्त. १२० मिनिटांत १२० प्रश्न. शेवटची पाच मिनिटं फक्त उरलेल्या प्रश्नांवर खुणा करायला राखून ठेवा, आणि ही सवय आजच्या मॉकपासून लावा. परीक्षेच्या दिवशी आठवेल असं म्हणणाऱ्यांना ते आठवत नाही. क्लॅट, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा, देणाऱ्यांची गोष्ट वेगळी, तिथे दर चुकीला पाव गुण जातो. तो धाक सीईटीत आणू नका.

तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाची सीईटी सध्या अशी बेतलेली आहे: इंग्रजीचे ४०, सामान्य ज्ञान आणि चालू घडामोडींचे ३२, कायद्याच्या कलचाचणीचे २४, तर्कबुद्धीचे २४. पाच आठवड्यांत यातलं काय हलतं? सर्वांत लवकर हलतात कायद्याचे २४. राज्यघटनेतली नेहमीची कलमं, मूलभूत हक्क, रिट, करार आणि अपकृत्याची मूलतत्त्वं, लॅटिन सूत्रं, एवढं दोन आठवड्यांत बसतं. मात्र पुस्तक कुठलं वापरताय ते आधी तपासा. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदाही बदलले. खुनाची शिक्षा म्हटलं की अजून सगळ्यांच्या तोंडी ३०२ येतं, नव्या संहितेत ते १०३ आहे. चारशेवीसची फसवणूक आता ३१८ मध्ये गेली. दादरच्या फुटपाथवर जुनी गाइडं निम्म्या किमतीत मिळतात, ती तिथेच राहू द्या.

चालू घडामोडीही हलतात, गेल्या आठ-दहा महिन्यांच्या नेटानं वाचल्या तर. तर्कबुद्धी थोडी हलते, रोज सरावाला बसलं तरच. इंग्रजी सगळ्यात हट्टी. शब्दसंग्रह पाच आठवड्यांत वाढत नाही. व्याकरणातल्या चुका ओळखणं, रिकाम्या जागा, वाक्यांचा क्रम लावणं एवढं सुधारतं. सगळं धरून, तुमच्या नोकरीसकट, ८ ते १२ गुणांची वाढ मी शक्य मानते. सत्तरीत अडकलेली व्यक्ती ऐंशीच्या आसपास जाईल. ११० वर जाणार नाही.

यात गव्हर्न्मेंट लॉ कॉलेज मिळेल का? खुल्या प्रवर्गात, नाही. तुम्ही कुठल्या प्रवर्गातून फॉर्म भरलाय ते लिहिलेलं नाही, त्यावर बरंच अवलंबून आहे. गेल्या वर्षीच्या प्रत्येक फेरीचे कटऑफ सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर कॉलेजवार मिळतात, क्लासच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरणारा तक्ता पाहू नका. आणि ते आकडे पर्सेंटाइलमध्ये वाचा. परीक्षा एकाहून जास्त सत्रांत होते, त्यामुळे तुमचे गुण इतरांच्या तुलनेत कुठे बसतात ते महत्त्वाचं. मधल्या गर्दीत दोन-चार गुणांनी पर्सेंटाइल भराभर चढतं. वर गेल्यावर तेच चढायला फार जड जातं, पंचाण्णववरून नव्व्याण्णववर जायला जितके गुण लागतात त्यांची कल्पना मुलांना सहसा नसते. “अजून थोडा अभ्यास केला की जीएलसी” हे वाक्य म्हणूनच मला ऐकवत नाही.

बरं, तेच कॉलेज का, हेही जरा विचारते. १८५५ सालचं कॉलेज, बाबासाहेब आंबेडकर १९३५ मध्ये तिथे प्राचार्य झाले, फी सरकारी, हायकोर्ट चालत जाण्याच्या अंतरावर. ओढ वाटावी असंच आहे. ज्याला मोठ्या लॉ फर्ममध्ये जायचंय त्याच्यासाठी कॉलेजच्या नावाला वजन असतं, इंटर्नशिपच्या अर्जावर ते वाचलं जातं. तुम्हाला मात्र न्यायाधीश व्हायचंय. लेखी परीक्षेत कॉलेजचं नाव विचारत नाहीत. आणि त्या वाटेवर तुमच्यासाठी वर्ष फार महाग आहे: २० मे २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं कनिष्ठ न्यायाधीशपदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. यंदा प्रवेश घेतलात तर तिशीत एलएलबी, मग वकिलीची सनद, मग तीन वर्षं कोर्टात, म्हणजे पहिला अर्ज तेहतिशी-चौतिशीत. त्या परीक्षेला वयोमर्यादा आहे. एक वर्ष थांबलात तर ते तिथून, शेवटच्या टोकाकडून कमी होतं. आईला हे गणित दाखवा. “पुढच्या वर्षी नीट दे” म्हणताना त्यांच्या मनात बारावीचं वर्ष असतं, पोरगी अठराची असते तेव्हाचं.

अठराच्या मुलांसाठी सल्ला वेगळा, तो दोन ओळींत सांगते. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाची मुलं डिसेंबरमध्ये क्लॅट देतात, पुढे उन्हाळ्याच्या सुमारास राज्याची सीईटी, म्हणजे एकाच वर्षात दोन संधी असतात. पवईचं राष्ट्रीय विधी विद्यापीठ क्लॅटनंच मिळतं, आणि त्यासाठी एक वर्ष थांबणाऱ्या, घरून पाठिंबा असलेल्या मुलाला मी अडवत नाही.

पण तुमचा प्रश्न पुन्हा वाचला तेव्हा वाटलं, अडचण सीईटीची नाहीच. अडचण नोकरीची आहे, आणि सीईटीच्या गुणांआड ती लपली आहे. समजा यंदा कॉलेज मिळालं, तर नोकरीचं काय करणार आहात? याबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलेलं नाही. एलएलबी हा नियमित अभ्यासक्रम आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांप्रमाणे हजेरी ७० टक्के लागते. सप्टेंबर २०२४ मध्ये कौन्सिलनं परिपत्रक काढून आणखी सांगितलं की विद्यार्थी नोकरी करत असेल तर तसं जाहीर करावं आणि मालकाचं ना हरकत प्रमाणपत्र द्यावं. वर बायोमेट्रिक हजेरी आणि कॅमेरे. “मुंबईत कुणी लेक्चरला बसत नाही, सगळं चालतं” असं तुम्हाला ऑफिसातला कुणीतरी वकील झालेला सहकारी सांगेल. त्याच्या वेळी चाललं असेल. सत्राच्या शेवटी हजेरी कमी पडलेल्या मुलांच्या यादीत नाव लागलं की तो सहकारी काही करू शकत नाही.

त्यामुळे कॉलेज निवडताना तुमच्यासाठी पहिला निकष वेळ आणि अंतर. सकाळचे वर्ग असलेलं कॉलेज आणि तिथून अकरापर्यंत अंधेरी, हे शक्य आहे का ते नकाशावर नको, प्रत्यक्ष जाऊन पाहा. एका कामाच्या दिवशी सकाळी बदलापूरहून निघा, चर्चगेटला पोचा, तिथून दोन-अडीच तासांनी अंधेरीची गाडी पकडा. मग तेच माटुंग्यापर्यंत करून बघा, पार्ल्यापर्यंत करून बघा. ठाणे आणि उल्हासनगरलाही लॉ कॉलेजं आहेत. बदलापूरकराला उल्हासनगर हे नाव सांगितलं की नाक मुरडतात, पण तीन वर्षं रोज पहाटे साडेपाचची लोकल पकडण्यापेक्षा घराजवळच्या कॉलेजात हजेरी भरून उरलेल्या वेळात बेअर अ‍ॅक्ट, म्हणजे कायद्यांचा मूळ मजकूर, वाचणारी मुलगी जेएमएफसीच्या जास्त जवळ असते, असं माझं मत आहे. नोकरी सोडायची, बदली मागायची की कामाचे तास बदलून घ्यायचे, हे जुलैपर्यंत ठरवायचंय. पाच आठवड्यांत नाही.

वर्ष पुढे टाकावंच अशी परिस्थितीही असते. पदवी हातात नसेल तर. शेवटच्या वर्षाची मुलं सीईटीला बसू शकतात, पण टीवायला केटी राहिली, म्हणजे एखादा विषय राहिला, आणि कॅपच्या (केंद्रीय प्रवेश फेऱ्यांच्या) मुदतीत निकाल लागला नाही तर चांगले गुण पडूनही जागा मिळत नाही. मुंबईत निकाल कधी लागेल याच्या भरवशावर कुणी बसू नये. तुमचं बी.कॉम. झालेलं आहे, तेव्हा तुम्हाला ही भीती नाही. घरात आजारपण असेल, स्वतःची तब्येत बरी नसेल, तर अभ्यासाचा विचारही करू नका. आणि पहिल्या वर्षाचा खर्च उभा राहणार नसेल तर एक वर्ष पैसे साठवून येणं यात काही कमीपणा नाही. मॉकमध्ये ७० पडतात, हे कारण या यादीत मी घेत नाही.

कारण ज्यांनी गुणांपायी वर्ष सोडलं त्यांचं पुढच्या वर्षी काय होतं ते मी पाहते. नोकरी तीच, लोकल तीच, घरची कामं तीच. जून-जुलैत नवी पुस्तकं येतात, गणपतीपर्यंत बाजूला पडतात, दिवाळीनंतर पुन्हा निघतात, आणि फेब्रुवारीत तीच व्यक्ती तोच प्रश्न घेऊन येते. ज्यांचे गुण खरोखर वाढले त्यांनी दिवसातलं काहीतरी बदललं होतं: एकानं अर्धवेळ नोकरी धरली, एका मुलीनं दादरला मावशीकडे राहून प्रवासाचे तीन तास वाचवले. तुमच्या पुढच्या वर्षात असं नेमकं काय बदलणार आहे, ते एका वाक्यात लिहिता आलं तर आईचं ऐका. “जास्त वेळ मिळेल” हे वाक्य चालणार नाही, तो कुठून मिळेल ते लिहायचं.

तर पाच आठवड्यांचं असं करा. मार्चअखेर असल्यामुळे शेवटचे दहा दिवस ऑफिसचेच जाणार, हे आत्ताच मान्य करा आणि नवं वाचन त्याआधी संपवा. त्या दहा दिवसांत फक्त उजळणी आणि लोकलमध्ये चालू घडामोडी. आठवड्याला एकच पूर्ण मॉक, रविवारी, संगणकावर, कारण परीक्षा संगणकावरच असते. मोबाइलवर अंथरुणात लोळत दिलेल्या मॉकचे गुण मी धरत नाही, ते वर-खाली कसेही असतात. मॉक दिल्यावर चुकलेला प्रत्येक प्रश्न माहीत नव्हता म्हणून चुकला, की घाईत, की वेळच उरला नाही, एवढं समोर लिहा. सत्तरीला अडकलेल्यांच्या वहीत तिसरा गठ्ठा मोठा निघतो. पेपर इंग्रजी आणि मराठी दोन्हींत असतो. शाळा मराठीतून झाली असेल तर कायद्याचे आणि तर्काचे प्रश्न मराठीतून वाचून वेळ वाचतो का, ते एका मॉकमध्ये पाहून घ्या. काहींना उलट मराठी अनुवाद अडतो.

अभ्यासाइतकंच दुसरं काम कागदांचं. राखीव प्रवर्गातून असाल तर जात वैधता प्रमाणपत्र आणि नॉन-क्रीमी लेयर, आर्थिक दुर्बल घटकातून असाल तर त्याचा दाखला, लागेल त्याला अधिवासाचा दाखला. नॉन-क्रीमी लेयरचा दाखला कुठल्या ३१ मार्चपर्यंत चालतो ते त्यावर पाहून घ्या. मुदत संपलेला दाखला जूनमध्ये चालत नाही, आणि तहसील कार्यालयाच्या रांगेत ते कळणं फार महागात पडतं. बी.कॉम.च्या गुणपत्रिका आणि आधार यांवर नाव एकसारखं आहे ना, तेही पाहा. आईचं नाव एका कागदावर आहे आणि दुसऱ्यावर नाही, एवढ्यावरूनसुद्धा पडताळणीत शेरा पडतो.

निकाल लागल्यावर कॅपचा पर्याय-अर्ज भरताना निर्णय खऱ्या अर्थानं तुमच्या हातात येतो. जिथे जाणारच नाही ते कॉलेज यादीत घालू नका. जिथे मिळालं तर आनंदानं जाल ते सगळं घाला, जीएलसी सर्वांत वर ठेवून. वरचं मिळणार नाही म्हणून खाली ढकलायचं नसतं, पसंतीक्रम हा अंदाजाचा नसतो, आवडीचा असतो. पहिल्या फेरीचे आकडे पाहून घाबरू नका, पुढच्या फेऱ्यांत ते बहुधा खाली येतात, आणि कॅपनंतर संस्था स्तरावरची फेरीही असते. यादीतलं एकही मिळालं नाही, तर मग पुढचं वर्ष आहेच, आणि तेव्हा आईला सांगायला हातात एक खरी पर्सेंटाइल असेल.

साहेबांना आत्ता काही सांगायची गरज नाही. कॉलेज मिळून, वेळापत्रक हातात आल्यावर बोला, तेव्हा मागणी नेमकी करता येते: एवढ्या वाजता येईन, एवढ्या वाजेपर्यंत थांबेन, हे ना हरकत प्रमाणपत्र हवंय. परीक्षेच्या दिवसाची आणि आदल्या दिवसाची रजा मात्र या आठवड्यातच टाका, कारण लिहायचं असेल तर “वैयक्तिक काम”. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ती कुणी मंजूर करणार नाही. आणि हॉल तिकीट आलं की केंद्र आधी बघा. ते बदलापूरच्या आसपास असेल असं धरून चालू नका, पनवेल-वसईकडेही असू शकतं.